डी अँड डीचं मराठी कॅरेक्टर शीट बनवलंय, मोबाईलवर चालणारं. बघून सांगा कुठे माती खाल्लीय

पुणेरी_पॅलाडिन:

नमस्कार मंडळी. गेले दोन महिने रात्री जागून एक उद्योग केलाय तो तुमच्यासमोर ठेवतोय. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, कोथरूडला एकाच्या घरी एक शनिवार सोडून एक बसतो, डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर फाशांनी खेळायचा भूमिकांचा खेळ, त्याची फिफ्थ एडिशन, २०१४ ची पुस्तकं, २०२४ च्या नव्यांकडे अजून वळलो नाही. एक डीएम (गोष्ट चालवणारा) आणि खेळणारे चौघं, म्हणजे मी पॅलाडिन (धर्मवीर), एक रोग (चोर, आजार नव्हे), एक वॉरलॉक (जादूगार) आणि माझी मावसबहीण क्लेरिक (पुजारी). सगळे पाचव्या लेव्हलला. बहीण पहिल्यांदाच खेळतेय. तिला ते नेहमीचं तीन पानी इंग्रजी शीट प्रिंट काढून दिलं तर म्हणाली हा काय इन्कम टॅक्सचा फॉर्म आहे का, आणि खरं सांगायचं तर काही चूक नव्हतं तिचं.

म्हणून मोबाईलवर उघडणारं वेबपेज केलं, सगळं मराठीत. वर कॅरेक्टरचं नाव आणि फोटो, मग सहा ॲबिलिटी (ताकद, चपळाई वगैरे), त्याखाली अठरा स्किल्स, मग सेव्ह (संकटातून वाचायला टाकायचे फासे), मग शस्त्रं, मग जादू, मग सामान, सगळ्यात खाली पूर्वकथा. ॲबिलिटीचा आकडा टाकला की मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) आपोआप येतो, लेव्हल टाकली की प्रोफिशियन्सी (सरावाचा) बोनस येतो, चिलखत निवडलं की एसी म्हणजे आर्मर क्लास येतो. आणि एक मोठं हिरवं 'झोपा' बटण आहे, दाबलं की लाँग रेस्ट, सगळं परत फुल्ल. ते बटण माझं फार लाडकं आहे त्यामुळे त्याला नावं ठेवताना जरा जपून.

परवाच्या शनिवारी पहिल्यांदा सगळ्यांनी हेच वापरलं आणि फजिती झाली. लढाई कागदापेक्षा लवकर व्हायला हवी होती ती उलट रेंगाळली, ज्याची पाळी येईल तो आपला स्क्रीन वरखाली सरकवत बसलाय. रोगवाल्याकडे आयफोन, त्यानं मागच्या वेळीच सगळं भरून ठेवलं होतं ते उघडून बघतो तर कोरं करकरीत, आणि शपथेवर सांगतोय की मी काही हात लावला नाही. बहिणीनं आकडे भरले तर सगळ्या मॉडिफायरच्या जागी 'नान' 'नान' 'नान', आम्हाला आधीच भूक लागलेली. आणि वॉरलॉकवाला रात्रभर कुरकुरत होता की माझ्यावर अन्याय होतोय, पण नेमका कसला ते त्याला सांगता येईना.

लिंक आणि स्क्रीनशॉट दिलेत. भीडभाड न ठेवता बोला.

नॅचरल_वन:

पहिलाच स्क्रीनशॉट उघडला. तुझ्या पॅलाडिनकडे 'ताक १६' आहे. मठ्ठा किती आहे?

पुणेरी_पॅलाडिन:

अरे हो ते 😅 जागा पुरत नव्हती म्हणून सगळ्या ॲबिलिटींच्या नावांची पहिली तीन अक्षरं घेतली. ताकदचं ताक झालं, काटकपणाचं काट, बुद्धीचं बुद आणि शहाणपणचं शहा. चपळाईचं मात्र चपळ झालं, ते एक जमून गेलंय.

कोपऱ्यातला_डीएम:

छान काम केलंयस हे आधी सांगतो, कारण पुढे बरंच काही बोलणार आहे.

तुझं शीट कॅरेक्टर बनवण्याच्या क्रमानं लावलंय, खेळण्याच्या क्रमानं नाही. तुझी लढाई रेंगाळली त्याचं कारण तेवढंच. बनवताना आपण आधी सहा आकडे काढतो, मग स्किल्स, मग चिलखत, आणि छापील शीटसुद्धा बऱ्यापैकी त्याच वळणानं जातं, म्हणून तूही तसंच केलंस. पण एकदा कॅरेक्टर बनलं की ताकद १६ आहे हे टेबलावर कोण विचारतं? त्या १६ चं काम +३ काढून देणं, ते झालं की तो आकडा रिटायर. तुझी पाळी आली की तुला काय लागतं, तर हल्ल्याला +६, डॅमेजला एक डी८ (आठ बाजूंचा फासा) अधिक ३, जादूचे किती स्लॉट (वापरायच्या खेपा) उरलेत आणि एचपी (जीव) किती आहे. दुसऱ्याच्या पाळीत काय लागतं, तर एसी आणि सेव्ह. बस. एवढं सगळं अंगठा न हलवता पहिल्या स्क्रीनवर दिसलं पाहिजे. फोटो कशाला वर? आपला चेहरा आपल्याला माहिती असतो.

आम्हाला विचारण्याऐवजी खरं तर एक कर, पुढच्या शनिवारी एका लढाईत तू खेळू नकोस, कागद घेऊन बस आणि कोण शीटवर कुठे जातं त्याच्या रेघोट्या मार. मी ठाण्यातल्या आमच्या ग्रुपात हे केलं होतं कागदी शीटवर. एका बाईंचं बोट सबंध लढाईत फक्त तीन ठिकाणी गेलं आणि त्यातलं एक सामानाच्या यादीतल्या दोरखंडावर होतं.

एचपीचं बघ. तू एकच खोकं दिलंयस आणि त्यात नवा आकडा लिहायचा. म्हणजे ३८ मधून १३ वजा करायचं खेळाडूनं, डोक्यात, मोबाईल हातात असून. त्याऐवजी 'लागलं' आणि 'बरं झालं' अशी दोन बटणं दे, १३ टाक, दाब, झालं. आणि शेजारी एक मागे घ्यायचं बटण, कारण कोणीतरी दर वेळेला १३ च्या जागी ३१ टाकतोच. टेम्पररी एचपीचं खोकं वेगळं हवं, ते मूळ एचपीत मिसळायचे नसतात आणि एकमेकांत बेरीजही करायची नसते, आधीचे ५ असताना ८ मिळाले तर ८ घ्यायचे, १३ नाही होत. हे मी दर गेमला एकदा तरी सांगतो.

'लागलं' दाबलं की आणखी एक गोष्ट फुकटात करता येईल. तुझ्या बहिणीचं क्लेरिक कॉन्सन्ट्रेशनवाली (लक्ष धरून ठेवावं लागतं अशी) जादू धरून बसलेलं असेल तर तिथेच आठवण करून द्यायची की कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) सेव्ह मार, डीसी (गाठायचा आकडा) १० किंवा लागलेल्याच्या निम्मं, जे जास्त असेल ते. म्हणजे २७ लागले तर १३. नवीन माणूस हे शंभर टक्के विसरतो आणि जुना माणूस विसरल्याचं नाटक करतो.

आता तुझ्या लाडक्या बटणाकडे येतो. वॉरलॉकचा अन्याय मला समजला. तुझ्या शीटवर शॉर्ट रेस्टच नाहीये रे! पाचव्या लेव्हलला त्या बिचाऱ्याकडे स्लॉट असतात दोन, दोन्ही तिसऱ्या लेव्हलचे, आणि त्याची सगळी भिस्त यावर की तासभर टेकलं की ते परत मिळतात. तुम्ही टेकलात, त्यानं शीटवर बघितलं, स्लॉट शून्यच. तुझं चॅनल डिव्हिनिटी (दैवी शक्ती) पण शॉर्ट रेस्टला परत येतं, बहिणीचंही, म्हणजे अन्याय तुमच्यावर पण झाला, तुम्हाला कळलं नाही एवढंच. आणि 'झोपा' दाबल्यावर हिट डाइस (टेकल्यावर एचपी भरून घ्यायचे फासे) पाचच्या पाच परत देतोयस, २०१४ च्या नियमांत एकूणच्या निम्मेच परत येतात, म्हणजे पाचव्या लेव्हलला दोन. सगळे परत देणं हे २०२४ चं आहे. घरचा नियम असेल तर ठीक.

एसी आपोआप काढतोयस ते चांगलं आहे पण तो आकडा हातानं बदलता येत नाही हे चालणार नाही. चेन मेल चिलखताला १६ आणि चपळाईचा काही संबंध नाही, हाफ प्लेटला १५ अधिक चपळाई पण जास्तीत जास्त २, चिलखत न घातलेल्या मंकचं १० अधिक चपळाई अधिक शहाणपण, बार्बेरियनचं १० अधिक चपळाई अधिक काटकपणा, मेज आर्मर जादू असेल तर १३ पासून सुरुवात, वर ढाल, वर एखादी अंगठी, आणि शील्ड जादू मारली की फक्त पुढच्या पाळीपर्यंत ५ जास्त. किती फॉर्म्युले लिहिणार आहेस? लिही, पण शेवटी माणसाला तो आकडा खोडून आपला लिहू दे. डीएमनं काहीतरी वेगळंच दिलेलं असतं नेहमी.

हे बरंच झालं. एक मागणी माझ्या जातीची: डीएमसाठी एक वेगळं पान दे ज्यावर चौघांचा एसी आणि पॅसिव्ह पर्सेप्शन (मुद्दाम न बघता किती लक्षात येतं तो आकडा) एकत्र दिसेल. मी जर टेबलावर विचारलं की तुमचं पॅसिव्ह पर्सेप्शन किती, तर चौघं एकदम ताठ बसतात आणि दारामागे कोणीतरी आहे हे कळून चुकतं.

नॅचरल_वन:

एसीवरून आठवलं, आमच्याकडे हॉलमध्ये खेळ चालू होता, डीएमनं विचारलं तुझा एसी किती, मी ओरडलो अठरा, तर आतून आई, 'अठरावर कशाला ठेवलाय, चोवीस कर, बिल कोण भरणार'. तेव्हापासून आमचा सगळा ग्रुप चिलखत म्हणतो.

अर्धविराम:

नियमांचं वर झालंय, मी कोडचं बोलतो. तुझं पेज उघडून आतलं वाचलं, माफ कर पण उघडंच होतं.

'नान'. तुझी बहीण मराठी कीबोर्डवरून टाईप करते, बरोबर? तिनं १४ लिहिलं ते देवनागरी आकड्यांत. जावास्क्रिप्टच्या पार्सइंटला देवनागरी आकडे कळत नाहीत, त्याला ते कुठलंतरी अक्षर वाटतं आणि तो सांगतो की हा आकडाच नाही, तोच तुमचा नान. उपाय चार ओळींचा आहे. युनिकोडमध्ये देवनागरी ० चा क्रमांक २४०६, तिथून ९ पर्यंत ओळीनं आहेत. आलेल्या प्रत्येक अक्षराचा क्रमांक २४०६ ते २४१५ मध्ये असेल तर त्यातून २४०६ वजा कर, तुला खरा आकडा मिळतो. मग गणित कर, आणि दाखवताना परत देवनागरीत दाखव. मराठी शीट म्हणायचं आणि मराठी आकडा टाकला की फेफरं यायचं हे बरं दिसत नाही.

ताक. हा माझा आवडता आहे. तू तीन अक्षरं कापली नाहीस, तीन कोडपॉइंट कापलेस. 'ता' हे आपल्याला एक अक्षर, पण मशीनला त वेगळा आणि काना वेगळा, म्हणून त, काना, क असे तीन झाले आणि ताक झालं. बुद्धीत ब, उकार, द. देवनागरी अशी सुरीनं कापायची नसते, कधीतरी अर्धा शब्द नुसत्या हलंतावर लटकतो. सहाच शब्द आहेत, हातानं लिही काय संक्षेप करायचाय तो.

आयफोन. तुझा रोगवाला खरं बोलतोय, त्याची माफी मागा. तू सगळं ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवतोयस. सफारीत २०२० पासून असा नियम आहे की एखाद्या साईटकडे माणूस फिरकलाच नाही आणि मधे सफारी वापरल्याचे सात दिवस गेले, की त्या साईटनं स्क्रिप्टनं साठवलेलं सगळं साफ. लोकांवर पाळत ठेवणाऱ्या जाहिरातवाल्यांसाठी केलेला नियम आहे, पण तुमचा खेळ चौदा दिवसांनी असतो, तुम्ही त्यात अलगद सापडता. दर आठवड्याला खेळणाऱ्या ग्रुपला हे कदाचित कधी कळलंच नसतं. पेज होम स्क्रीनवर ॲड करून तिथून उघडलं तर हा नियम लागू होत नाही, पण लोकांवर विसंबू नको, 'फाईल उतरवून घ्या' असं एक बटण दे, साधी जेसन फाईल, तीच परत चढवता आली पाहिजे. आणि खेळ संपल्यावर ती फाईल ग्रुपवर टाकायची सवय लावा. मी स्वतः एका ॲपमध्ये तीन वर्षं खेळवलेलं गनोम कॅरेक्टर घालवलंय, त्यांनी सर्व्हर बंद केला आणि ईमेल पाठवला तो स्पॅममध्ये गेला. अजून त्याचं नाव काढलं की कसंतरी होतं.

आणि एक तू विचारलेलं नाहीस. तुझ्या ग्रुपात कोणाच्या ॲबिलिटीत ९ आकडा आहे का? किंवा ७? असेल तर त्याचा मॉडिफायर चुकतोय. नियम असा की दहा वजा करायचे, निम्मं करायचं आणि खाली कापायचं. ९ चं उणे अर्धं येतं, खाली कापलं की उणे १. तू मॅथ डॉट ट्रंक वापरलंयस, ते शून्याकडे कापतं, म्हणजे उणे अर्ध्याचं शून्य करतं. फ्लोअर वापर. गूगल शीट्समध्ये पण हीच खोड आहे, राउंडडाउन नाव असून उणे आकड्याला शून्याकडे नेतं, तिथे इंट वापरावं लागतं. दोन महिन्यांत तुला दिसलं नाही कारण दहाच्या वरचे सगळे आकडे दोन्हीकडे बरोबर येतात, आणि दहाच्या खालचे सम आकडेही बरोबर येतात, फक्त विषम सापडतात. स्टँडर्ड ॲरेत (पुस्तकानं दिलेले तयार सहा आकडे) सगळ्यात छोटा ८ असतो, त्यामुळे तो घेणाऱ्याला सहसा कळत नाही. चार फासे टाकून सगळ्यात लहान टाकून देणारे असतात त्यांच्यात ९ सहज निघतो.

पुणेरी_पॅलाडिन:

अर्धविराम, तुम्ही देवमाणूस आहात. वॉरलॉकवाल्यानं फासे टाकूनच काढले होते आणि त्याचं शहाणपण ९ आहे, सगळ्यांना दाखवून झालं होतं. म्हणजे त्याला स्लॉट कमी मिळाले आणि शहाणपण जास्त मिळालं. हिशोब बरोबर झाला म्हणायचं का?

रोगवाल्याची माफी मागितली. तो म्हणतो पुढच्या वेळचा वडापाव तुझ्याकडून.

डीएम साहेब, ते क्रमाचं डोक्यात लख्ख शिरलं, इतकं सरळ होतं तरी सुचलं नव्हतं. बटणाबद्दल जे बोललात ते लागलं पण बरोबर आहे.

पेन्सिल_आणि_खोडरबर:

मी उलट्या बाजूचा माणूस आहे. माझ्याकडे माझ्या पहिल्या कॅरेक्टरचं शीट अजून आहे, एचपीच्या जागी खोडून खोडून कागदाला भोक पडलंय आणि त्याच्या मागे चिकटपट्टी लावलीय, त्या चिकटपट्टीवर पण लिहिलंय. चहाचा डाग कुठल्या सेशनचा ते मी सांगू शकतो.

भावनेचं सोडा, माझा मुद्दा वेगळा आहे. तुम्ही सगळं आपोआप केलंत तर नवीन माणूस शिकणार कसा? माझ्या टेबलावर एक मुलगा आला होता, वर्षभर ॲपवर खेळलेला, बटण दाबलं की फासे पण ॲपच टाकणार आणि बेरीज पण ॲपच करणार. एकदा नेट गेलं आणि त्याला विचारलं तुझा हल्ल्याचा बोनस किती तर त्याला माहिती होतं की सात आहे पण सात कशाचे ते नाही. तलवार बदलली तर काय बदलेल, लेव्हल वाढली तर काय, काहीच नाही. बहिणीला मदत म्हणून बनवताय ना, मग तिला पहिली दोन सेशन तरी हातानं बेरीज करू द्या. पाचव्या लेव्हलला क्लेरिकची बेरीज एवढी काही मोठी नसते.

कोपऱ्यातला_डीएम:

पेन्सिलराव, मुद्दा मान्य, पण हातानं बेरीज करायला लावणं हे माझ्या टेबलावर चालत नाही, एक पाळी चार मिनिटांची होते आणि बाकीचे मोबाईलवर रील्स बघायला लागतात. मधला रस्ता आहे की. आकड्यावर बोट ठेवलं की तो उकलून दिसला पाहिजे: '+६, ताकदीचे ३, प्रोफिशियन्सीचे ३'. एवढंच. पाचव्या लेव्हलला प्रोफिशियन्सी २ ची ३ होते, तर लेव्हल वाढवल्यावर कुठले कुठले आकडे बदलले ते एकदा पिवळे करून दाखवले तर माणूस आपोआप शिकतो.

पेन्सिल_आणि_खोडरबर:

हे चालेल. हे कागदाला जमत नाही, कबूल करतो. फक्त फासे खरे ठेवा.

पुणेरी_पॅलाडिन:

फासे खरेच आहेत हो, फासे टाकायचं बटण मी मुद्दाम दिलेलं नाही. बहिणीनं तर स्वतःचे जांभळे घेतलेत, ते कोणाला हात लावू देत नाही.

सॅनिटी_शून्य:

मी डी अँड डीवाला नाही, कॉल ऑफ कथुलू नावाचा भयकथांचा असाच खेळ चालवतो, पण शीटची चर्चा बघून राहवलं नाही. आमच्या सातव्या एडिशनच्या शीटवर प्रत्येक स्किलच्या शेजारी दोन छोटी खोकी असतात, एकात निम्मं आणि एकात पाचवा हिस्सा. लायब्ररी ६० असेल तर शेजारी ३० आणि १२ आधीच लिहून ठेवायचं, कारण अवघड चाचणी असेल तर निम्म्याएवढा किंवा त्याखाली आणि अतिअवघड असेल तर पाचव्या हिश्शाएवढा किंवा त्याखाली फासा पडायला लागतो. खेळताना भागाकार नाही. आणि जवळजवळ प्रत्येक स्किलला टिक करायला एक चौकोन, त्या स्किलला यश आलं की टिक मारायची, नंतर टिक असलेल्या स्किलवर परत शंभराचा फासा टाकायचा, आणि आता तो स्किलच्या वर पडला तर स्किल वाढतं. म्हणजे जितकं येतं तितकं शिकणं अवघड. हा अख्खा नियम त्या एवढ्याशा चौकोनात बसलाय, पुस्तक न उघडता नवीन माणूस विचारतो हा चौकोन कशाला आणि मग नियम कळतो.

सांगायचं काय तर तुझ्या शीटवर वापरलं की खूण करायची अशा जागा कमी आहेत. स्लॉट तू आकड्यात लिहितोयस, '२/४' असं. गोल दे, चार गोल, वापरला की भरला. डोळ्याला मोजावं लागत नाही. डेथ सेव्हला (एचपी शून्य झाल्यावर जगतोय का मरतोय त्याचे फासे) तू लाल आणि हिरवे ठिपके दिलेत, ते तर आधी बदल. माझ्या टेबलावर एकाला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही, त्याला आपण जगतोय का मरतोय ते कळायचं नाही. बरोबरची खूण आणि फुली दे, तीन तीन. आणि वीस पडला तर थेट १ एचपीवर उठतो, एक पडला तर दोन फुल्या, हे तिथेच बारीक अक्षरांत लिही कारण त्या क्षणाला कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

आणि कृपा करून हे सगळ्या खेळांना चालणारं शीट करायच्या फंदात पडू नकोस. कोणीतरी सुचवेलच.

एडिसनचा_एल्फ:

न्यू जर्सीहून लिहितोय. आम्ही इथे चार मराठी घरं, रविवारी दुपारी मुलांना घेऊन खेळतो, माझी मुलगी अकरा वर्षांची, मराठी फाडफाड बोलते पण वाचायला अडखळते, म्हणून शब्दांवर एक बटण हवं की दाबलं तर इंग्रजी, परत दाबलं तर मराठी. आजोबा व्हिडिओ कॉलवरून ड्वॉर्फ खेळतात, त्यांना उलट हवं. दोघांना एकाच टेबलावर चालेल असं काही झालं तर फार बरं होईल. आणि प्रिंट काढली तर खालची ओळ कापली गेली, तू ए४ धरून केलंयस, आमच्याकडचा कागद लेटर, तो रुंद असतो पण उंचीला जवळजवळ पावणेदोन सेंटीमीटर कमी. खाली जागा सोडशील का.

शब्द आवडले. काटकपणा तर फारच. आजोबा म्हणाले कॉन्स्टिट्यूशन म्हणजे राज्यघटना ना, मग तुमच्या ड्वॉर्फची राज्यघटना १६ कशी.

नॅचरल_वन:

आजोबांना लेव्हल द्या एक.

पण सहावं काय केलंयस रे, करिश्माचं? स्क्रीनशॉटमध्ये 'वट' दिसतंय.

पुणेरी_पॅलाडिन:

वटच आहे. आधी 'प्रभाव' लिहिलं होतं, ते टीव्हीवरच्या ज्योतिषासारखं वाटायला लागलं. मग 'आकर्षण', तर वॉरलॉकवाल्यानं अर्धा तास टिंगल केली. वट म्हटलं की सगळ्यांना कळतं, चार माणसांत ज्याचं चालतं त्याची वट. आणि दोनच अक्षरं, कापायला नको.

सेव्हिंग थ्रोला 'बचाव' ठेवलंय, एचपीला मात्र एचपीच, 'जीव' करून बघितलं होतं पण 'माझे जीव चौदा उरलेत' हे मांजरासारखं वाटतं. शॉर्ट रेस्टला 'टेका' आणि लाँग रेस्टला 'झोपा'. टेकाचं बटण काल रात्री टाकलं.

एक विचारायचं राहिलं, हे सगळ्यांसाठी खुलं ठेवलं तर चालेल का? जादूची वर्णनं मी पुस्तकातून मराठीत करून टाकलीत.

अर्धविराम:

पुस्तकातून नको. एसआरडी नावाचं जे मोकळं नियमपुस्तक आहे, ५.१, ते जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुलं केलंय, त्यातलं हवं ते घे, भाषांतर कर, फक्त त्यांनी सांगितलेली श्रेयाची ओळ खाली टाक. पण त्यात सगळं नाहीये. प्रत्येक क्लासची (पॅलाडिन, क्लेरिक वगैरे) एकेकच सबक्लास (उपप्रकार) आहे, क्लेरिकची लाइफ, वॉरलॉकची फीन्ड, बाकीच्या नाहीत. आणि जादूंच्या नावांतली माणसं काढून टाकलीत, पुस्तकात टाशाज हिडियस लाफ्टर असतं ते तिथे नुसतं हिडियस लाफ्टर. तुझ्या यादीत टाशा दिसतेय म्हणून म्हटलं. घरच्या पाच जणांत काही का असेना, खुलं करायच्या आधी यादी एकदा चाळ. एसआरडीत नसलेल्या जादूसाठी रिकामं खोकं ठेव, ज्याचं त्यानं भरावं.

पुणेरी_पॅलाडिन:

कालच्या शनिवारी परत खेळलो, म्हणून सांगतो काय झालं ते.

पहिल्या स्क्रीनवर आता एचपी, एसी, बचाव, हल्ले आणि स्लॉटचे गोल, एवढंच. बाकी सगळं दुसऱ्या पानावर, फोटो तिसऱ्या. लागलं, बरं झालं आणि मागे घ्या ही बटणं आली, मागे घ्या सगळ्यात जास्त वापरलं गेलं. बहिणीनं मराठी कीबोर्डवरून सगळं भरलं, नान नाही. कॉन्सन्ट्रेशनची आठवण आली तेव्हा तिनं डीएमकडे असं बघितलं की जशी ती त्यानंच लपवून ठेवली होती. डीएमचं पान केलं, आणि त्यानं रात्रभर आमच्या तोंडाकडे बघून गूढ हसत फासे टाकले, त्यामुळे ते पान केल्याचा मला थोडा पश्चात्ताप होतोय. इंग्रजी-मराठीचं बटण आणि लेटर कागद पुढच्या महिन्यात करतो, एडिसनकर, विसरलो नाही. आकडा उकलून दाखवायचं फक्त हल्ल्यांना झालंय, बाकी बाकी आहे.

संक्षेप हातानं लिहायला घेतले. ताकदला 'ताक' बदलून 'बळ' करणार होतो तर चौघंही अंगावर आले, ताकच पाहिजे म्हणे. राहिलं.

टेका_पण_स्लॉट_द्या:

मी तो वॉरलॉक. खास हे लिहायला अकाउंट काढलं.

स्लॉट मिळाले, धन्यवाद. शहाणपण ९ चं आता उणे १ दाखवतंय तेही बरोबर. पण पॅसिव्ह पर्सेप्शन अजून १० येतंय, ९ यायला पाहिजे ना? तिथे जुनंच ट्रंक राहिलंय बहुतेक. काल डीएमनं त्या पानावर १० बघूनच मला दारामागचा गॉब्लिन दाखवला, मी कोणाला काही बोललो नाही.